जहाजाला आधी वाट

प्रिय लिव्हन,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू दचकला असशील. नाताळ अजून लांब आहे आणि नाताळाखेरीज मी तुला काही पाठवत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. घाबरू नकोस, आपल्यातलं कोणी गेलेलं नाही. मला तुझ्याकडे एक गोष्ट मागायची आहे आणि ती मी आत्ताच सांगून टाकते, कारण शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मोडली असेल यावर माझा विश्वास नाही. घरी ये. एवढंच मागणं आहे. का, ते सांगायला मात्र मला जरा वेळ लागेल. ते एका दमात लिहायला जमत नाही, म्हणून आधी इकडचं तिकडचं सांगते. तेवढा वेळ ती लाकडं फोडायची बाजूला ठेव आणि स्वस्थ बस.

अँटवर्पपासून तुझ्या त्या आर्देनच्या डोंगरात पोचायला गाडीने अडीच तास लागतात. आपला देश एवढासा, की इथे कोणाला कोणापासून लांब राहायचं म्हटलं तरी जमत नाही. तू ते जमवून दाखवलंस. दरवर्षी बर्फाचं चित्र असलेलं एक कार्ड, खाली तुझं नाव, बस. मी ती कार्डं शेजारणीला दाखवते आणि म्हणते, आमच्या लिव्हनला लिहायचा फार कंटाळा. ती मान डोलावते. सगळ्या गावाला सगळं माहीत आहे, पण मान डोलावतात बिचारे.

इकडे बंदर वाढतंय, दुसरं काय होणार? आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पूर्वी बांध दिसायचा आणि बांधावर मेंढ्या. आता कंटेनर दिसतात, एकावर एक चढवलेले, लाल, निळे, पिवळे. ते हलवतात तेव्हा ताटाळ्यातल्या बश्या वाजतात आणि मला कोणाची सोबत आहेसं वाटतं. रसायनांच्या कारखान्यांचे पाइप दफनभूमीच्या भिंतीपर्यंत आले. पवनचक्क्या इतक्या झाल्यात, की त्यांच्या सावल्यांनी कोंबड्या दचकतात. तिकडे शहरात रिंगरोडसाठी नदीखालून आणखी एक बोगदा खणतायत. प्रत्येक पुढारी सांगतो, हा झाला की गाड्यांची कोंडी कायमची संपेल. आधीच्या बोगद्याच्या वेळीही हेच सांगितलं होतं, तेव्हा आपले बाबा म्हणाले होते, "यांना बोगदा खणायला सांगा, भविष्य नको." मी कुरकुर करत नाही हं. कुरकुर करायला आपल्याला तोंड आहे कुठे? कॉफी, केळी, मोटारी, पोलाद, सगळ्या खंडाचं खाणंपिणं आपल्या दारावरून जातं आणि जाताना आपल्या ताटात चार घास टाकून जातं. बाबांचा पगार या बंदराचा, माझ्या नवऱ्याचा, गोमारचा, या बंदराचा, तुझाही होता. आता माझ्या लेकीचा, वेर्लाचा, पगारही तिथूनच येतो.

गोदी कामगारांचा हजेरीचा हॉल आता ओस पडला. मला वाईट वाटलं. गोमार पहाटे तिथे जायचा, हात वर करून उभा राहायचा आणि मुकादमाने बोट दाखवलं की त्या दिवसाची भाकरी पक्की. आता सगळं फोनवर. परवा बाजारात रेमी मुकादम भेटला, काठी घेऊन चालतो. म्हणाला, "मार्लीन, पोरं आता माझ्याकडे बघत नाहीत, फोनकडे बघतात. बरं आहे म्हणा, फोनला मेहुणे नसतात." मग खाली बघत म्हणाला, "मेहुण्यावरून आठवलं. गोमारचा मेहुणा, आमचा पुलावरचा बडबड्या, कसा आहे?" बरा आहे म्हटलं. "त्याच्यासारखी टोपी कोणी उडवली नाही हो आमची. वाट बघण्यातही मजा होती." मी वाम मासा घ्यायला गेले होते, तो न घेताच परत आले.

तू पुलावर लागलास ते दिवस मला फार आठवतात हल्ली. गोदीच्या तोंडावरचा तो पूल म्हणजे आपल्या गावाचं दार. जहाज आलं की दार उचललेलं आणि आपण सगळे अडकलेले, कोणी या बाजूला, कोणी त्या बाजूला. शाळेत उशीर झाला तर "पूल वर होता" म्हटलं की बाई पुढे विचारायच्या नाहीत. प्रार्थनेला उशीर, दंतवैद्याकडे उशीर, सगळ्यांना तेच उत्तर, आणि त्यातलं निम्मं खोटं. माझ्या लग्नाच्या दिवशी मात्र ते खरं होतं. गोमार शहराच्या बाजूचा, त्याची सगळी वरात पलीकडे अडकली आणि मी इथे चर्चच्या दारात फुलं धरून उभी. पाद्रीबाबा म्हणाले, "कोरियाचं जहाज आहे पोरी, लांबलचक. बसून घे." तू सोळा वर्षांचा होतास, बांधावर चढून तू मला ओरडून सांगत होतास, की आता जहाजाचं नाक गेलं, आता पोट गेलं, आता शेपूट. मला वाटतं पुलावरच काम करायचं हे तू त्याच दिवशी ठरवलंस.

आणि मग काय तुझा रुबाब. वरची ती काचेची खोली, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या, हातात माइक. पुलाजवळ थांबलेल्या गाड्यांची फिरकी घेणं ही आपल्याकडची जुनी रीत, पण तू तिची कला केलीस. ट्रकवाले खिडकीतून हात बाहेर काढून हातवारे करायचे, मुठी दाखवायचे, आणि वरून तुझा आवाज यायचा, "अहो निळे ट्रकवाले, हात हलवून जहाज पळत नसतं, पाहिजे तर उतरून ढकला." सगळी रांग हसायची. ज्याची फिरकी घेतली तोही हसायचा. गोमार घरी येऊन सांगायचा, "तुझ्या भावाने आज माझ्या टकलाबद्दल सगळ्या बंदराला कळवलं." मला अजून ऐकू येतं ते.

पण त्या गमतीखाली एक नियम होता आणि तो तू आम्हाला जेवणाच्या टेबलावर मांडून दाखवला होतास. मिठाची बाटली म्हणजे पूल आणि पावाची लांब लादी म्हणजे जहाज. रस्त्यावर कोणीही असो, जहाजाला आधी वाट. भरलेल्या जहाजाला ब्रेक नसतो. पुढेमागे ओढायच्या छोट्या टगबोटी बांधून ते गोदीच्या तोंडात शिरलं, की त्याला थांबव म्हणणं म्हणजे कोसळत्या दरडीला थांब म्हणणं. त्या वेळी पूल खाली घेतला तर पूलही जाईल, जहाजही जाईल आणि माणसं तर जातीलच. गोमारने ती पावाची लादी उचलून तिचं टोक तोडलं आणि खाल्लं. "घ्या, थांबवलं," म्हणाला. तेव्हा किती हसलो होतो आपण.

आता ज्या दिवसाबद्दल आपण कधीच बोललो नाही, त्याबद्दल लिहिते. तो रविवार होता, ऑक्टोबरातलं स्वच्छ ऊन होतं. गोमार परसात कांद्याची पात उपटत होता आणि तसाच वाफ्यात बसला. मला वाटलं चेष्टा करतोय. मी रुग्णवाहिका बोलावली, ती शहरातून निघाली आणि पुलापाशी येऊन थांबली, कारण पूल वर होता. ती कोणासाठी निघाली आहे हे तुला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी काही करता आलं नसतं, जहाज आत शिरलेलं होतं. मी परसात त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मला दोन्ही आवाज येत होते, लांबवर तो सायरन आणि जहाजाचा भोंगा. डॉक्टर नंतर म्हणाले, लवकर पोचलो असतो तर कदाचित वाचला असता, कदाचित नसता. मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, तुम्ही काहीतरी एक सांगा. ते म्हणाले, "बाई, एक सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं." तो 'कदाचित' मी गोमारबरोबर पुरला. तू तो बरोबर घेऊन गेलास.

दफनानंतर चर्चमागच्या हॉलमध्ये कॉफी होती, नेहमीसारखे गोल पाव, चीज, हॅम. तू उशिरा आलास, पांढराफटक. माझ्या सासूबाई दाराशीच बसल्या होत्या. तुला पाहून सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "आलास का? आज बरा खाली मिळाला पूल तुला." त्यांचा मुलगा गेला होता, लिव्हन. त्या दिवशी त्यांनी देवालाही सोडलं नसतं. तू हातातला कप खाली ठेवलास आणि निघालास. मी तुझ्यामागे गल्लीपर्यंत धावले आणि तुझी बाही धरून म्हटलं, "तुझ्यामुळे नाही रे, लिव्हन, तुझ्यामुळे नाही." तू म्हणालास, "माहीत आहे मला." तू जर भांडला असतास, रडला असतास, तर मी तुला धरून आत आणलं असतं. माहीत आहे म्हणणाऱ्या माणसाला काय समजवायचं? आठवडाभरात तू किल्ल्या बंदराच्या कचेरीत देऊन मोकळा झालास.

एकदा मी आले होते तुझ्याकडे, आठवतं? तू मला फोडलेली लाकडं दाखवलीस, झाडांना कीड लागते त्याच्याबद्दल तासभर बोललास. मग तुझ्या घरामागचा ओहोळ दाखवलास, एका ढांगेत ओलांडण्याजोगा, आणि म्हणालास, "बघ, इथे पूल लागत नाही." मी हसले. गाडीत बसल्यावर सगळा रस्ता रडत आले. सासूबाईंनाही तुझी आठवण यायची, हे तुला कधी सांगितलं नाही. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण मधूनच म्हणायच्या, "त्या पोराला मी बोलले ग. जीभ आहे की सुरी?" त्यांच्या दफनाला तू येशील असं मला वाटलं होतं. मी तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती.

एक गोष्ट बरी झाली. गोमारनंतर गावाने इतकी ओरड केली, की आपल्या बाजूला कायमची एक रुग्णवाहिका ठेवली. बांधाच्या वळणावर उभी असते. तिच्यावर शहराचं चिन्ह आहे, पण गावात सगळे तिला गोमारची गाडी म्हणतात. लहान मुलंसुद्धा. गोमार कोण हे त्यांना माहीत नाही.

आता वेर्लाबद्दल. तू गेलास तेव्हा ती पहिलीत होती आणि पुढचा दात पडलेला होता. आता माझ्याहून उंच झाली आहे. चालते गोमारसारखी, पाय फेंगडे टाकत, आणि बोलते तुझ्यासारखी. म्हणजे बोलायची. शाळा संपल्यावर तिच्यासमोर काय काय होतं! हिऱ्यांच्या बाजारात कारकुनी होती, विम्याची कचेरी होती. एक दिवस येऊन म्हणाली, पुलांच्या कामासाठी माझी निवड झाली. मी हातातली बशी सिंकमध्ये आपटली. म्हटलं, "जगात दुसरी कामं संपली का? त्या पुलाने आपलं काय केलं ते माहीत नाही तुला?" ती शांतपणे म्हणाली, "आई, तिथे कोणीतरी बसणारच आहे. जिच्या घरात हे झालंय अशी एखादी बसलेली काय वाईट?" मी महिनाभर तिच्याशी धड बोलले नाही. मग पहिल्या पगारातून तिने माझ्यासाठी जिरेनियमची कुंडी आणली आणि मी हरले.

तुझी ती काचेची खोली आता रिकामी आहे, काचांवर कबुतरांची घाण. सगळे पूल आता शहरातल्या एका मोठ्या खोलीतून चालतात. भिंतभर पडदे, प्रत्येक पडद्यावर एक पूल, आणि एकेकाच्या हातात तीन-चार पूल. कॅमेऱ्यातून रस्ता दिसतो, पाणी दिसतं, बटण दाबलं की पूल उचलला जातो. तुझ्या वेळी एका पुलाला तिघं होते. बंदराला ते परवडत नाही म्हणे, आणि बंदर तर दरवर्षी म्हणतं आम्ही आधीपेक्षा मोठे झालो. असो. माइक मात्र राहिला. आणि वेर्ला तुझीच भाची. तिला कोणी न शिकवता तिने रांगेतल्या लोकांची फिरकी घ्यायला सुरुवात केली. गावातले लोक मला थांबवून सांगायचे, "मार्लीन, लिव्हन परत आलाय, फक्त आवाज बारीक झालाय." मला इतका आनंद व्हायचा, की मी कामाशिवाय पुलापर्यंत चालत जायचे आणि तिचं बोलणं ऐकून परत यायचे.

मार्चमध्ये आपल्या बाजूला गाड्यांची रांग लागली होती. पूल वर, आणि केळ्यांचं मोठं जहाज आत येत होतं. रांगेत सगळ्यात पुढे पोर्तुगालचा एक ट्रक. त्याच्या ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवायला लागला. वेर्लाने पडद्यावर पाहिलं. पुलापाशी खिडकीतून हात हलला की त्याचा अर्थ काय, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तिने माइक घेतला आणि म्हणाली, "ओ पाहुणे, हात हलवून जहाज पळत नाही. एवढी घाई असेल तर पोहत जा." मागचे हसले. त्याचा हात आणखी थोडा वेळ हलला आणि मग खाली लोंबला. तिला वाटलं, कंटाळला. तिने दुसऱ्या पुलाकडे पाहिलं, तिथेही जहाज होतं. मग आपला पूल खाली आला, फाटक उघडलं, आणि ट्रक जागचा हलेना. मागून भोंगे वाजायला लागले. तिने पुन्हा माइक घेतला, "झोप झाली असेल तर निघा आता, साहेब." मागचा ड्रायव्हर उतरून पुढे गेला, त्याने ट्रकचं दार उघडलं, आणि कॅमेऱ्याकडे बघून दोन्ही हात हलवले. तेव्हा तिला कळलं.

त्या माणसाचं हृदय बंद पडत होतं, लिव्हन, आणि तो मदत मागत होता. आणि या वेळी पूल आडवा आलाच नव्हता. गोमारची गाडी तिथेच वळणावर उभी होती, त्याच बाजूला, हाकेच्या अंतरावर. डॉक्टरांनी काय सांगितलं असेल ते तुला मी लिहायला नको. कदाचित. चौकशी झाली, तिचा काही दोष नाही असा कागद आला. तिच्या साहेबांनी घरी येऊन सांगितलं, "पोरी, मीसुद्धा हेच समजलो असतो. आपल्यातलं कोणीही हेच समजलं असतं." ते खरंच आहे. पण खरं सांगून काही होत असतं तर त्या दिवशी गल्लीतून तुला मी परत आणलं नसतं का?

मग त्याची बायको आली, फिलोमेना. काळा रुमाल बांधलेली, हातात पिशवी. तिला ती जागा बघायची होती. बंदराच्या माणसांनी तिला सगळं समजावून सांगितलं, वेर्लाही तिथे गेली होती, मी नको म्हणत असताना. त्या बाईने आरडाओरडा केला नाही, कोणाला दोष दिला नाही. दुभाष्यामार्फत तिने एकच विचारलं, माझ्या नवऱ्याशी शेवटचं कोण बोललं? आणि काय बोललं? वेर्ला पुढे झाली आणि म्हणाली, मी. काय बोलले ते तिने शब्दनशब्द सांगितलं. दुभाष्या अडखळला, त्याला ते भाषांतर करावंसं वाटेना, तर ही त्याला म्हणाली, "सांगा तिला. जसंच्या तसं सांगा." फिलोमेनाने ऐकलं. मग तिने वेर्लाचा गाल दोन बोटांनी हलकेच चापटला, आणि ती गाडीत जाऊन बसली. तो चापटलेला गाल माफी होता की आणखी काही, ते वेर्ला मला रोज विचारते, आणि मला ठाऊक नाही.

तेव्हापासून ती घरी आहे, तुझ्या जुन्या खोलीत. जेवते, कपडे धुते, मला मदत करते. माझ्या प्रत्येक प्रश्नावर म्हणते, "माहीत आहे मला, आई." तुझाच सूर. परवा मी मटाराच्या शेंगा सोलत होते, तर ती समोर येऊन बसली आणि तिने माझ्याकडे तुझा पत्ता मागितला. म्हणाली, "मामाकडे जाऊन राहते थोडे दिवस. त्याला काही सांगावं लागणार नाही." मी म्हटलं, शोधून देते. खोटं बोलले, पत्ता माझ्या तोंडपाठ आहे. मला भीती वाटली रे. तूसुद्धा थोडे दिवस म्हणूनच गेला होतास. ती तुझ्याकडे आली तर तू तिला काही विचारणार नाहीस, ती तुला काही सांगणार नाही, दोघं मिळून लाकडं फोडाल, आणि मला नाताळाला दोन नावांचं एक कार्ड येईल. नवरा दिला, भाऊ दिला, आता लेक द्यायची माझी ताकद नाही. म्हणून तिने तुझ्याकडे यायच्या आधी तू इकडे ये. तिला काय सांगायचं याचा विचार करत बसू नकोस, काही सुचणार नाही. दिवसाउजेडी ये, पुलावरून ये, वर असला तर रांगेत थांब सगळ्यांसारखा. मी तिला खिडकीत बसवून ठेवीन. गेलेला माणूस परतही येतो, एवढं तिला एकदा दिसू दे.

तुझीच,
मार्लीन